दोन बुशांमधला काळा पट्टा

अंबादास,

तुझ्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो आणि आपल्या त्या कास्टिंगला करवत लावली. कापायची परवानगी ग्राहकाकडून एकदाची आली होती. तू असतास तर करवतीवाल्याच्या मागे उभा राहून "हळू राजा, हळू" करत राहिला असतास. तुझ्याऐवजी ते मी केलं. मग कापलेली बाजू घासली, चकचकीत केली आणि भिंगाखाली धरली.

पोकळी आहे.

पण तू म्हणाला होतास तिथं नाही. तू स्क्रीनवर जिथं बोट टेकवलं होतंस तिथं धातू अगदी भरीव आहे. पोकळी आहे ती तिथून दोन मिलिमीटर अलीकडे, बुशाला, म्हणजे आत ठोकलेल्या स्टीलच्या नळीला, लागून. आता याला काय म्हणायचं? तू बरोबर होतास असं लिहावं तर जागा चुकलेली आहे. तू चुकलास असं लिहावं तर पोकळी समोर दिसते आहे. दोन्ही गोष्टी मी रिपोर्टमध्ये लिहिल्या, आणि निष्कर्षापाशी येऊन अडकलो. तुझ्याशी भांडल्याशिवाय मला निष्कर्ष लिहिता येत नाही, हे मला त्या दुपारी कळलं.

आपल्या कामाबाहेरचं कुणी हे वाचेल, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तू तोवर चहा घे.

दवाखान्यात माणसाचा सीटी स्कॅन काढतात, तसाच आम्ही वाळूजला ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांचा काढतो. भाग एका गोल पाटावर हळूहळू फिरतो, क्ष-किरण त्याच्या आरपार जातात, आणि कॉम्प्युटर आतल्या एकेका कापाचं चित्र तयार करतो. ओतताना आत हवा राहिली असेल तर काळा ठिपका दिसतो. पण भागाबद्दल काही बोलण्याआधी चित्राबद्दल बोलावं लागतं. चित्र विश्वास ठेवण्याजोगं आहे का? त्यासाठी मास्टर नावाचा एक तुकडा असतो. त्यात माहीत असलेल्या मापाची बारीक बारीक भोकं पाडलेली असतात. सकाळी आधी त्याचा स्कॅन. सगळ्यात बारीक भोक दिसलं पाहिजे, आणि भोकाचा काळेपणा आजूबाजूच्या दाणेदार करड्या रंगातून किती उठून दिसतो त्याचा आकडा ठरलेल्या हद्दीच्या वर असला पाहिजे. नसेल तर त्या दिवशी यंत्र बंद, काय झालं ते शोधा.

हा आकडा माझा होता. दशांश चिन्हापुढे काय आहे ते विचारल्याशिवाय मी सोडत नाही म्हणून तू माझं नाव 'पॉइंट' ठेवलंस, आणि ते साऱ्या कारखान्याचं झालं. अजूनही गेटवरचा माणूस मला पॉइंटसाहेब म्हणतो. तू ठेवलेलं नाव आहे हे त्याला माहीत नाही.

तुझं म्हणणं वेगळं होतं. एकदा सकाळचा मास्टर पास झाला तसं तू म्हणालास, "हा रोज पासच व्हतो. एवढुसा तुकडा, त्यातून किरण जायला काय लागतंय? आपला भाग केवढा जाड, त्यात दोन स्टीलचे बुश. पैलवानाचा दम बघायचा आन् वजन पोराचं करायचं, असं चाललंय आपलं."

मी म्हणालो, "मग काय करायचं?"

"खराब झालेला भाग घे. त्यालाच भोकं पाड. बुश ठोक. तोच मास्टर."

आणि ते आपण केलं. भंगारातून तसाच एक खराब भाग उचलला, तू टूलरूममध्ये बसून त्याला भोकं पाडून घेतलीस, मी प्रत्येक भोक मोजलं. दोन भोकं तू मुद्दाम दोन बुशांच्या मधोमध पाडलीस. स्कॅन काढला तर सगळीकडची भोकं दिसली आणि ती दोनच दिसली नाहीत. तिथं नुसता काळा पट्टा. स्टील किरण खाऊन टाकतं, म्हणून दोन बुशांच्या मध्ये असा पट्टा उमटतोच. भोक असलं तरी काळं, नसलं तरी काळं. भाग तिरका लावून पाहिलं, पट्टा थोडा सरकला, गेला नाही. त्या दिवशी तू इतका खूश होतास की कँटीनमध्ये सगळ्यांना सांगत सुटलास, "आमच्या यंत्राला कुठं दिसत नाय ते आमाला दिसलं!" आपल्या कामात त्याच्याइतकं उपयोगाचं काही मी दुसरं पाहिलेलं नाही. ते तुझं होतं. रिपोर्टवर आपल्या दोघांची नावं होती आणि तुझं आधी हवं असा हट्ट मी धरला. तू म्हणालास, वर्णानुक्रमानं माझंच आधी येतंय, गप बस.

गंमत अशी की तूच बनवलेल्या मास्टरनं मी पुढे तुला अडवत राहिलो. बुशांच्या मधल्या पट्ट्यात आपल्याला दिसत नाही, म्हणून तिथल्याबद्दल बोलायचं नाही, हा माझा नियम झाला. भाग पिवळ्या डब्यात टाकायचा. हिरवा पासचा, लाल नापासचा, पिवळा माहीत नाही त्याचा.

आणि मग हे कास्टिंग आलं.

तू स्क्रीनसमोर बसून त्या पट्ट्यावर बोट टेकवलंस. "हितं आहे."

"काय आहे?"

"पोकळी. बघ ना, काळ्यात काळं आहे."

मला काही दिसलं नाही. आकडा काढला. हद्दीच्या बराच खाली. "तुझ्याच मास्टरमध्ये तिथं भोक असून दिसत नाही. मग तुला न पाडलेलं भोक कसं दिसतं?"

"माझा बाप धुळीतनं आपली मेंढी वळखायचा. धुळीचा दर्जा तपासत नव्हता बसत."

"तुझ्या बापाची मेंढी पाचोडच्या बाजारात विकली जायची. हे गाडीच्या ब्रेकमध्ये बसणार आहे."

"तेच म्हनतो ना मी! ब्रेकमधी बसनार. तिथं तुझा पिवळा डबा असतो व्हय? पिवळा डबा साऱ्या जगात आपल्याच खोलीत आहे, पॉइंट. बाहेर भाग एक तर चांगला असतो नाय तर वंगाळ. चित्र खराब हाय म्हणून भाग तुझी वाट बघत थांबत नाय."

"मी चांगला म्हणत नाही, वाईट म्हणत नाही. मला माहीत नाही म्हणतो."

"मंग त्याला माहीत नाय म्हनू नको, कापू म्हन."

हेच भांडण बसमध्ये गेलं. पुंडलिकनगरच्या थांब्यावर आपण उतरायचं विसरलो आणि ड्रायव्हर आरशात बघून ओरडला, "ओ मामू, उतरते क्या नई? घर जाके लडो!" सगळी बस हसली. तू उतरताना त्याला म्हणालास, "घरी बायका हायेत रे, तिथं आमाला चान्स नाय."

माझं अजूनही तेच मत आहे. हे तुला सांगायला हवं, कारण मेलेल्या माणसाशी सगळं कबूल करून टाकायची लोकांना सवय असते आणि तुला ते आवडलं नसतं. पोकळी निघाली म्हणून तुझं चित्र चांगलं ठरत नाही. जागा चुकली, म्हणजे तू जे पाहिलंस ते पोकळी नव्हतं, दुसरंच काहीतरी होतं, आणि शेजारी योगायोगानं पोकळी निघाली. हे एक. पण दोन मिलिमीटर म्हणजे किती? त्या पट्ट्यात चित्र जागेवरून थोडं ओढलं जात असेल, तर तू पाहिलंस ते तेच असू शकतं. हे दोन. मी दोन्ही बाजूंनी विचार करतो आणि दोन्ही बाजूंना अर्ध्यावर पोचतो. असं मला पूर्वी होत नसे. किंवा होत असेल, पण तेव्हा उरलेलं अर्धं तू चालायचास.

आता दवाखान्याचं.

दिवाळीनंतर तुझ्या पोटात दुखायला लागलं, पाठीत कळ यायची. तुला सीटी स्कॅन काढायला सांगितला. दुसऱ्या दिवशी बसमध्ये तू उभा राहून सांगितलंस, सीट रिकामी असून. "मला त्या गोल भगदाडात घातलं. पोरगा म्हनतो, काका, दम धरा. मी म्हनलो, आधी सांग, सकाळी मास्टर लावला व्हता का? पोरगा बघतच राहिला. म्हनला, काका, हिथं मास्टर नसतो, डॉक्टर असतो." मागच्या सीटपर्यंत हशा पिकला. मी विचारलं, "आणि चित्र?"

तू म्हणालास, "साफ."

आपल्या खोलीत 'साफ' हा शब्द दोन गोष्टी तपासल्यावर वापरतात. चित्र चांगलं आहे, आणि त्यात काही नाही. तू तो शब्द सैल वापरल्याचं मला आठवत नाही. मी विषय सोडला. उन्हाळ्याच्या तोंडाला तुला दवाखान्यात ठेवलं तेव्हा आजार पोटभर पसरलेला होता. डॉक्टर वहिनींना म्हणाले, "आधी आला असतात तर..." आणि पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. त्यांनी ते पूर्ण करायला हवं होतं, कुठल्याही बाजूनं. अर्धं वाक्य माणसाच्या हातात देऊन जाऊ नये.

कास्टिंग कापल्यानंतरच्या रविवारी मी आणि सुनीता जोडीनं तुमच्याकडे गेलो. मंदा वहिनी एकट्याच होत्या. पोरं गावाहून आलेल्या पाहुण्यांना सोडायला गेली होती. चहा झाला. मी बोलायला काहीतरी म्हणून तुझा बसमधला किस्सा सांगितला, मास्टरचा. वहिनी हसल्या नाहीत.

"आन् साफ आहे म्हनले त्ये?"

"हो."

"साफ कुठलं, भावजी? फोटो हालला म्हनले व्हते दवाखान्यात. त्यास्नी खोकला, दम धरता येईना. आठ दिसानं परत या म्हनले."

 सुनीतानं कप खाली ठेवला.

"मी म्हनले जा म्हणून. दोनदा म्हनले. मंग आत्याबाई पडल्या गावाकडं, खुब्याचं हाड गेलं. मी तिकडं. महिनाभर तिकडंच. आले तर ह्ये म्हनले, आता दुखत नाय." वहिनींनी कपाटावरून ते मोठं पाकीट काढलं. "ह्यो फोटो. मी गावाला जायच्या आदल्या दिवशी ह्ये खिडकीला लावून बघत बसले व्हते. लई येळ. मी म्हनलं काय बघता? म्हनले, मला कळलं."

"काय कळलं?"

"त्येच तर तुमाला इचारते."

मी फिल्म खिडकीला लावली. मला माणसाचं पोट वाचता येत नाही, हे मी वहिनींना आधी सांगितलं. पण चित्र वाचता येतं. सगळ्या कडा दुहेरी होत्या, जसा एखादा भाग फिरताना पाटावर सैल राहिला की येतात. आपण असा स्कॅन आला तर भाग न बघता पुन्हा लावतो. तूच लावायचास. माझी सही होण्याआधी तू लिव्हर ओढून भाग घट्ट करत असायचास. मग स्वतःच्या बाबतीत, अंबादास? तुला त्या हललेल्या कडांच्या मागे काही दिसलं का? दिसलं म्हणून गेला नाहीस, की नाही दिसलं म्हणून? तुझी आई पडलेली, बायको गावाला, यात आणखी एक नको असं वाटलं का? की नुसता कंटाळा केलास, जसा सगळी माणसं करतात, आणि 'मला कळलं' हे बायकोला गप्प करायला म्हणालास? मी प्रत्येक शक्यता धरून पाहतो. प्रत्येकीत तू थोडा थोडा बसतोस. पुरा कुठेच बसत नाहीस.

"काय दिसतं?" वहिनींनी विचारलं.

"यातून काही सांगता येत नाही."

"मला त्यातलं नाय इचारायचं." त्यांनी पदर सारखा केला. "तवाच परत काढला असता तर? मी गावाला गेले नसते, हाताला धरून नेलं असतं, तर वाचले असते का? तुमचं हेच काम आहे. तुमी सांगा."

मला तेव्हा कळलं की तेराव्याला तुझ्या आई तुमच्याकडे का नव्हत्या. वहिनींनी त्यांना आणूच दिलं नव्हतं. म्हाताऱ्या आहेत, प्रवास सोसायचा नाही, असं सगळ्यांना सांगितलं होतं. पाहुण्यांनीही ते खरं मानलं. वहिनींना त्यांचं तोंड बघवत नव्हतं. त्या पडल्या नसत्या तर, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं, आणि त्याच्यामागे, मी गेले नसते तर.

मी जेवढं खरं होतं तेवढं सांगितलं. म्हणालो, "वहिनी, चित्र खराब असलं की त्यातून 'आहे' कळत नाही आणि 'नाही' पण कळत नाही. दुसरं चित्र निघालंच नाही. त्यात काय दिसलं असतं, दिसलं असतं तर डॉक्टरांना काय करता आलं असतं, हे आज कुणालाच सांगता यायचं नाही. मला तर नाहीच. पण ज्या फोटोवरून दवाखान्याला काही सांगता आलं नाही, त्यावरून तुम्हाला कसं कळणार होतं? तुमच्यावर काही येत नाही."

मला वाटलं हे चांगलं बोललो. एकही शब्द जादा नव्हता.

वहिनी म्हणाल्या, "हे त्येच झालं तुमचं. पिवळा डबा."

तू घरी सगळं सांगायचास तर.

"मला रातभर त्येच दिसतं, भावजी. समजावनं लई जनांनी केलं. मला व्हय का नाय, येवढंच पायजे."

सुनीता माझ्याकडे बघत होती. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती. मी ती चालू व्हायची वाट बघितली. मग म्हणालो, "नाही. काही फरक पडला नसता."

"नक्की?"

"नक्की."

वहिनींनी फिल्म पाकिटात घातली आणि आत गेल्या. आतून नळाचा आवाज येत राहिला. बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं, आणि त्यांनी सुनीताला विचारलं, शेवग्याच्या शेंगा नेता का, दारचा शेवगा लई लागलाय.

शेंगांची पिशवी घेऊन आम्ही दोन गल्ल्या चालत आलो. कोपऱ्यावर सुनीता म्हणाली, "तुम्हाला कसं माहीत?"

"माहीत नाही."

"मग म्हणालात कसं?"

याचं उत्तर मी तिला अजून दिलेलं नाही. तुला देऊन बघतो. आपल्या खोलीत मी असं कधी केलं नसतं. नापास चित्रावर मी आजवर 'पास' लिहिलं नाही, 'नापास' पण लिहिलं नाही, आणि तू कितीही चिडवलंस तरी त्याची मला लाज वाटली नाही. त्या दिवशी मी न निघालेल्या चित्रावर शिक्का मारला. तू म्हणशील, कापायचं म्हणत होतो ते हेच. पण कापल्यावर निदान भिंगाखाली काहीतरी दिसतं. इथे काय दिसणार आहे? तू म्हणशील, बाहेर पिवळा डबा नसतो. खरं आहे, वहिनींच्या घरात नव्हता. पण म्हणून मी हिरव्यात टाकलं, की लाल दिसत असून हिरव्यात टाकलं? डॉक्टरांचं ते अर्धं वाक्य मीही ऐकलेलं आहे. ते कुठल्या बाजूला जात होतं याचा अंदाज मला होता. तो अंदाज धरला तर मी खोटं बोललो. अंदाज धरायचा नाही हा माझा नियम धरला, तर मी खोटंही बोललो नाही आणि खरंही. असं बोलणं असतं का?

चार दिवसांनी वहिनींचा फोन आला. एलआयसीच्या ऑफिसात कुठले कागद लागतात ते विचारायला. मी सांगितलं, कागद जमवून सोबत येतो म्हणालो. ठेवता ठेवता म्हणाल्या, "भावजी, त्या दिवशी तुमी नाय म्हनलात. त्ये खरं ना? मला बरं वाटावं म्हणून नाय ना म्हनलात? तुमी तसं बोलत नाय, ह्ये म्हनायचे. पॉइंट सोडून बोलत नाय म्हनायचे."

एकदा तोंडातून निघालेलं भरात निघालं असं म्हणता येतं. दुसऱ्यांदा मला सावकाश विचार करायला वेळ होता. मी म्हणालो, "खरं आहे, वहिनी."

"बरं," त्या म्हणाल्या. "मंग मी आत्याबाईंना आनते. तिकडं त्यांचं कोन करनार?"

आणि आणलं त्यांनी. काल संध्याकाळी मी बसमधून उतरून तुमच्या गल्लीनं आलो. आता तसा रोज येत नाही, काल आलो. दारात शेवग्याखाली खुर्ची टाकून तुझी आई बसली होती, पाय एका स्टुलावर. वहिनी खाली बसून त्यांच्या पायाला तेल चोळत होत्या. आई म्हणत होती, "हळू गं, तुझ्या हाताला लई जोर," आणि वहिनी म्हणत होत्या, "जोर नसता तर तुमाला उचलत कोन व्हतं?" आई हसली. तुझ्यासारखंच हसते, आधी नाकातून.

अंबादास, मी आत जायला हवं होतं. आईंना भेटलो नाही तू गेल्यापासून. पण मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं, मान खाली घालून पुढे गेलो. वहिनी तिसऱ्यांदा विचारतील याची भीती वाटली. आणि तिसऱ्यांदा, तुझ्या आईसमोर, मी काय म्हणेन ते मला माहीत नाही.